झोपलेला पाहुणा सेन्सरला दिसत नाही

हॉटेलातला पाहुणा सकाळी एसी १८ वर ठेवून बाहेर पडतो आणि रात्री परततो. मधले दहा-बारा तास ती खोली कुणासाठी गार होत असते? यावरचा उपाय म्हणजे माणसाची चाहूल घेणारा थर्मोस्टॅट. खोलीत कुणी नसेल तर तो सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, ढिला सोडतो, कुणी आलं की पूर्ववत करतो. कल्पना एका वाक्यात मावते. सगळी अडचण आहे ती ‘खोलीत कुणी नाही’ हे ठरवण्यात.

इथे दोन प्रकारे चुकता येतं आणि दोन्ही चुका सारख्या महाग नसतात. रिकामी खोली भरलेली समजली, तर थोडी वीज वाया जाते. झोपलेल्या माणसाची खोली रिकामी समजली, तर रात्री दोन वाजता रिसेप्शनचा फोन वाजतो आणि सकाळी मेंटेनन्सवाला त्या खोलीचं सेन्सिंग बंद करून मोकळा होतो. असे चार फोन आले की पाचवा येण्याआधीच अख्ख्या मजल्याचं सेन्सिंग बंद होतं. मग महागडा थर्मोस्टॅट भिंतीवर साधा थर्मोस्टॅट म्हणून राहतो. म्हणून पहिला नियम असा: शंका असेल तेव्हा खोलीत माणूस आहे असंच धरायचं. पुढचं सगळं याच नियमाच्या अंगाने आहे.

पीआयआरला काय दिसतं

अशा बहुतेक थर्मोस्टॅटमध्ये पीआयआर, म्हणजे उष्ण किरणं टिपणारा पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सर असतो. त्यात उष्णतेने विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. समोरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या फ्रेनेल लेन्समुळे खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात. माणसाच्या अंगातून ८ ते १४ मायक्रॉनच्या आसपासची उष्ण किरणं निघतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की एका तुकड्यावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर उष्णता पडते, आणि त्या फरकाचा सिग्नल होतो. म्हणजे पीआयआर माणूस ओळखत नाही, तो गरम वस्तूची हालचाल ओळखतो. पांघरुणात निपचित झोपलेला पाहुणा त्याच्या लेखी नसतोच.

यातून बसवण्याचे नियम आपोआप निघतात. सेन्सरसमोरून आडवी जाणारी व्यक्ती चटकन पकडली जाते, सरळ सेन्सरच्या दिशेने चालत येणारी उशिरा. त्यामुळे दार ते पलंग ही वाट सेन्सरला आडवी दिसेल अशी भिंत निवडा. उंची २ ते २.४ मीटर चांगली. थर्मोस्टॅटमधलाच पीआयआर वापरायचा असेल तर तो दीड मीटरवर येतो, मग खुर्चीची पाठ किंवा कपाटाचं उघडं दार मध्ये येत नाही ना ते बघा. पलंग दिसलाच पाहिजे. काचेतून ही किरणं जात नाहीत, म्हणून काचेच्या पार्टिशनमागे आंघोळ करणारा माणूस डोळ्यांना दिसला तरी पीआयआरला दिसत नाही. दोन खोल्यांच्या स्वीटमध्ये किंवा इंग्रजी एल आकाराच्या खोलीत एका सेन्सरवर भागवू नका. दुसरा सेन्सर लावा आणि दोघांपैकी कुणीही हालचाल सांगितली तरी ‘माणूस आहे’ असं जोडा.

उलट बाजूची फसगतही असते. एसीच्या झोताने हलणारा पडदा, त्यामागे उन्हाने तापलेली काच, आणि समोर पीआयआर: ही खोली दिवसभर भरलेली दिसणार. सेन्सरचं तोंड खिडकीकडे आणि हवेच्या जाळीकडे नको. दार उघडल्यावर कॉरिडॉरमधून जाणारी माणसंही त्याच्या नजरेत यायला नकोत. लेन्सच्या नको त्या भागावर आतून अपारदर्शक चिकटपट्टी लावून पट्टे झाकता येतात. कित्येक सेन्सरबरोबर त्यासाठी पट्ट्या येतातच, आणि त्या बहुधा खोक्यातच राहतात. आणखी एक: खोलीचं तापमान ३३-३४ अंशांच्या पुढे गेलं की त्वचा आणि भिंत यांतला फरक उरत नाही आणि पीआयआरचा पल्ला आखडतो. फार खोल सेटबॅक (रिकाम्या खोलीचा सेटपॉइंट ढिला सोडणं) दिलेल्या तापलेल्या खोलीत पाहुणा शिरला तरी एसी ‘उठायला’ वेळ लावतो, तो याच कारणाने.

दाराची साक्ष

नुसता पीआयआर आणि टाइमर, म्हणजे ‘३० मिनिटं हालचाल नाही तर रिकामी’, ही जोडी हॉटेलच्या खोलीत चालत नाही. ऑफिसच्या मीटिंग रूमसाठी ठीक, कारण तिथे (निदान उघडपणे) कुणी झोपत नाही. हॉटेलमध्ये दुसरा साक्षीदार लागतो: दार. तर्क साधा आहे. माणूस भिंतीतून बाहेर जाऊ शकत नाही. दार बंद झाल्यानंतर एकदा जरी हालचाल दिसली, तरी दार पुन्हा उघडेपर्यंत माणूस आतच आहे, मग पुढचे नऊ तास काही हलो वा न हलो.

कंट्रोलरमध्ये हा क्रम असा बसतो. दार उघडलं की शोध सुरू होतो, पण स्थिती ‘आहे’ हीच ठेवायची. दार मिटल्यावर पहिली १५-२० सेकंद पीआयआरकडे दुर्लक्ष करायचं. सेन्सरचा सिग्नल काही सेकंद धरून ठेवलेला असतो, त्यामुळे बाहेर पडणाऱ्याचीच हालचाल दार मिटल्यानंतरची म्हणून नोंदली जाते आणि रिकामी खोली ‘भरलेली’ म्हणून कुलूपबंद होते. ही १५ सेकंदं न दिल्यामुळे बचत शून्यावर येते आणि दोष सेन्सरवर जातो. त्यानंतर १५ ते २० मिनिटांत हालचाल दिसली तर ‘आहे’ पक्कं. नाही दिसली तर ‘रिकामी’. आणि रिकामी ठरल्यानंतरही कधीही हालचाल दिसली, दार उघडलेलं नसलं तरी, क्षणात ‘आहे’. हा शेवटचा नियम कधीच काढू नका. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार उघडून कुणी आलं तर मुख्य दाराला त्याचा पत्ता नसतो.

आता मथळ्यातली अडचण. खोलीत दोघं आहेत. एक पहाटे फिरायला बाहेर पडतो, दुसरा झोपलेला. दार उघडलं, मिटलं, २० मिनिटं हालचाल नाही, खोली रिकामी ठरली. दार आणि पीआयआर या जोडीचं हे हमखास दुखणं आहे. त्यावर तीन उपाय एकत्र करायचे. रात्री दहा ते सकाळी नऊ शोधाची मुदत २० ऐवजी ६० ते ९० मिनिटं ठेवायची. झोपलेला माणूस तेवढ्यात एकदा तरी कूस बदलतो, आणि पलंगाकडे रोखलेल्या सेन्सरला ती दिसते. सेटबॅकचा पहिला टप्पा उथळ ठेवायचा, म्हणजे चूक झाली तरी पाहुण्याला जाग येण्याआधी ती दुरुस्त होते. आणि शक्य असेल तिथे पलंगासाठी रडार सेन्सर जोडायचा.

२४ किंवा ६० गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे रडार सेन्सर श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही पकडतात. त्यामुळे प्रश्न कायमचा सुटला असं वाटतं, पण रडारला जिप्समची भिंत आरपार दिसते. पलंगाच्या उशाची भिंत पातळ असेल तर शेजारच्या खोलीतला पाहुणा तुमच्या रिकाम्या खोलीत ‘श्वास घेतो’. छताचा पंखा आणि हलणारा पडदाही त्याला जिवंत वाटतो. म्हणून अंतराची मर्यादा खोलीच्या मापाइतकीच बांधायची, संवेदनशीलता कमीकडून वर न्यायची, आणि काम वाटून द्यायचं: ‘माणूस आला’ हे पीआयआरने सांगायचं, ‘अजून आहे’ हे रडारने धरून ठेवायचं. रडारला एकट्याने खोली ‘भरलेली’ ठरवू देऊ नका.

दाराचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच. लाकडी दाराला १५-२० मिलिमीटर फट चालते. लोखंडी चौकटीत मात्र चुंबकाचं क्षेत्र धातू खेचून घेतो आणि पल्ला निम्म्यावर येतो, तिथे रुंद फटीचा प्रकार किंवा खाली प्लास्टिकची पट्टी लागते. दार लॅच न होता दोन सेंटिमीटर उघडं राहत असेल तर आधी डोअर क्लोजर नीट करा. सॉफ्टवेअरमध्ये त्याला इलाज नाही.

की-कार्डचा खोका

दाराशेजारच्या खोक्यात कार्ड घातलं की वीज येते, ही जुनी आणि स्वस्त पद्धत. तिची हार सगळ्यांना माहीत आहे: कुठलंही जाडसर कार्ड घाला, चालतं. पाहुणा दुसरं कार्ड मागून घेतो आणि पहिलं खोक्यातच ठेवून जातो. कार्डाची चिप वाचणारे खोके हॉटेलबाहेरची कार्डं नाकारतात, पण त्याच खोलीचं दुसरं कार्ड त्यांना चालतंच. तरी दिव्यांसाठी खोका वाईट नाही. एसीसाठी तो सिग्नल म्हणून वापरा, एसीची वीज तोडायला नाही. फ्रिज आणि एकदोन चार्जिंग सॉकेट त्याच्या बाहेर ठेवा. कार्ड आत ठेवून जाण्याचं निम्मं कारण लॅपटॉप चार्ज करणं हेच असतं.

किती अंश ढिलं सोडायचं

‘पुन्हा गार करायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालू राहू दे’ हे वाक्य प्रत्येक हॉटेलात ऐकायला मिळतं. ते चुकीचं आहे. बाहेर ३५ आणि आत २२ असेल तर फरक १३ अंशांचा. आत २६ होऊ दिलं तर फरक ९. भिंतीतून, काचेतून आणि फटींतून शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे तेवढा भाग ३० टक्क्यांनी उतरला. काचेतून पडणारं थेट ऊन मात्र यात मोजायचं नाही, ते तेवढंच राहतं. म्हणून खोली सोडताना हाउसकीपिंगने पडदे ओढणं हा या व्यवस्थेचाच भाग समजा. जी उष्णता आत आलीच नाही ती पुन्हा काढावी लागत नाही. परत गार करताना यंत्र काही मिनिटं पूर्ण ताकदीने चालतं, ते डोळ्यांत भरतं, आणि आधीचे सहा तास ते बंद होतं हे कुणी बघत नाही. अपवाद एकच. हीट पंपाला (उलट चालून खोली तापवणाऱ्या एसीला) थंडीत विजेच्या कॉइलची जोड असेल तर खोल सेटबॅकनंतर तापवताना ती कॉइल चालू होते आणि बचत खाऊन टाकते. तिथे कॉइलला बाहेरच्या तापमानाचं कुलूप घाला, म्हणजे बाहेर पुरेशी थंडी असल्याशिवाय ती चालू होणार नाही, नाहीतर सेटबॅक २ अंशांवर थांबवा.

मग १० अंश का सोडू नयेत? कारण पाहुणा. २५ चौरस मीटरच्या, २.६ मीटर उंच खोलीत ६५ घनमीटर हवा असते, वजन ७८ किलोच्या आसपास. ती ४ अंशांनी गार करायला जेमतेम ३१० किलोज्यूल लागतात, म्हणजे २.५ किलोवॉट क्षमतेच्या युनिटला दोन मिनिटं. प्रत्यक्षात वीस मिनिटं किंवा अधिक लागतात, कारण गादी, भिंती, फर्निचर सगळं तापलेलं असतं आणि ते हवेला उष्णता परत देत राहतं. थर्मोस्टॅटवर २३ दिसतं, पण उशी कोमटच लागते. म्हणून सेटबॅक किती खोल हे अंशांत ठरवण्यापेक्षा वेळेत ठरवणं शहाणपणाचं: ‘पाहुणा आल्यावर १२ मिनिटांत मूळ सेटपॉइंटच्या एका अंशाच्या आत आलं पाहिजे’. चांगले कंट्रोलर प्रत्येक खोलीचा गार होण्याचा वेग नोंदवून त्यातून मर्यादा काढतात. हे नसेल तर पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या खोल्यांना ३ अंश आणि आतल्या खोल्यांना ५ अशी हाताने विभागणी करा. सगळ्या मजल्याला एकच आकडा देणं हा आळस आहे.

टप्पे असे ठेवता येतात. रिकामी ठरल्यावर लगेच २ अंश. दोन तासांनंतरही रिकामी असेल तर ४. विकली न गेलेली खोली असेल तर गार करण्यासाठी २७ आणि गरम करण्यासाठी १६. अॅश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं ९०.१ हे मानक ५० हून जास्त खोल्यांच्या हॉटेलांसाठी जवळपास हेच सांगतं: पाहुणा गेल्यापासून ३० मिनिटांत किमान ४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २.२ अंश सेल्सियस, आणि न विकलेल्या खोलीसाठी ८० आणि ६० फॅरनहाइट. खोली विकलेली आहे की नाही हे हॉटेलच्या बुकिंग सॉफ्टवेअरकडून यावं लागतं. चेक-इनची नोंद पडताच खोली पूर्वपदावर यायला लागली, तर पाहुणा लिफ्टने वर पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. हा दुवा तुटला तर सगळ्या खोल्या ‘विकलेल्या’ समजल्या जातील अशी सोय करा. उलटं ठेवलंत तर सर्व्हर बंद पडलेल्या रात्री अख्खं हॉटेल २७ वर जाईल.

पन्नास पाहुण्यांचा गट एकाच बसने उतरतो तेव्हा पन्नास युनिट एकदम पूर्ण भारावर जातात. मागणी शुल्क, म्हणजे एकावेळच्या सर्वाधिक वीजभारावरचा आकार, लागत असेल तर चेक-इनआधीच्या दीड-दोन तासांत खोल्या दहा-दहाच्या तुकड्यांनी आधीच गार करून ठेवा.

ओल

दमट हवेत सेटबॅकने सगळ्यात मोठं नुकसान होतं ते बुरशीचं. २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं पाणी व्हायला लागतं ते) साधारण १४.४ असतो. तीच खोली २७ अंश आणि ७० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २१ होतो. शेजारची भरलेली खोली १९ वर असेल तर मधल्या भिंतीवर, कपाटाच्या पाठीमागे आणि गार पाण्याच्या पाइपवर दव धरायला एवढं पुरे आहे. विनाइलच्या वॉलपेपरमागे बुरशी धरली की ती दिसण्याआधी वास येतो. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून थर्मोस्टॅटला आर्द्रतेचा सेन्सर हवा आणि सेटबॅकवर त्याची मात हवी: सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की रिकाम्या खोलीतही यंत्र चालवायचं, ५५ ला थांबवायचं, पण तापमान मूळ सेटपॉइंटखाली जाऊ द्यायचं नाही. पंखा सतत चालू ठेवण्याची सेटिंग बदलून ‘ऑटो’ करा. कॉइल गार होणं थांबल्यावर पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येतं. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू आणि ताजी हवा बंद अशी जोडी कुठे राहिली आहे का तेही बघा. बाहेर गेलेली हवा मग खिडकीच्या फटींतून आणि भिंतींतून आत खेचली जाते, सोबत ओल घेऊन. बंद करायचे तर दोन्ही एकत्र.

यंत्राप्रमाणे जोडणी

फॅन कॉइल युनिटमध्ये (थंड पाण्याच्या कॉइलवरून पंख्याने हवा सोडणाऱ्या खोलीतल्या युनिटमध्ये) थर्मोस्टॅटने पंखा आणि पाण्याचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद केले पाहिजेत. नुसता पंखा थांबला आणि थंड पाणी कॉइलमधून वाहत राहिलं तर युनिटचं बाहेरचं कवच घामेजतं आणि फॉल्स सीलिंगवर डाग पडतात. व्हॉल्व्ह खरंच मिटतो का हे बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी बाहेर जाणाऱ्या पाइपचं तापमान बघून कळतं. जुने व्हॉल्व्ह कचऱ्याने अर्धवट अडकलेले असतात, आणि तशा खोलीत कुठलाही सेन्सर वीज वाचवणार नाही. २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटला कॉमन वायर, म्हणजे त्याला सतत वीज मिळावी म्हणूनची परतीची वायर, ओढा. ती टाळून व्हॉल्व्हच्या कॉइलमधून वीज ‘चोरणारे’ थर्मोस्टॅट रिले थरथरवतात.

स्प्लिट एसीला की-कार्डच्या कॉन्टॅक्टरने वीज तोडणं वाईट. कॉम्प्रेसर चालू असताना अचानक बंद पडतो, वीज परत आल्यावर त्याला वाचवण्यासाठी तीन मिनिटं थांबावं लागतं, आणि छतात बसवलेल्या कॅसेट युनिटमध्ये निचऱ्याचा पंपच थांबल्याने ट्रेमधलं पाणी छतातून ठिबकतं. व्हीआरएफमध्ये (एका बाहेरच्या यंत्रावर अनेक खोल्यांची युनिट चालतात त्या पद्धतीत) तर एका इनडोअर युनिटची वीज तोडली की त्याचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जिथे असेल तिथे अडकतो आणि सगळी लाइन संपर्काचा एरर दाखवू शकते. तिथे युनिटच्या बोर्डावरचा बाहेरून चालू-बंद करण्याचा ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतःची वीज नसलेला, फक्त सिग्नल देणारा स्विच) किंवा कंपनीचा गेटवे (युनिटशी बोलणारा दुवा) वापरा.

रिमोटची नक्कल करणारा इन्फ्रारेड ब्लास्टर स्वस्त पडतो, पण तो एकतर्फी बोलतो. आज्ञा पोचली की नाही हे त्याला कळत नाही, आणि पाहुण्याने खऱ्या रिमोटने काही बदललं तर त्याच्या डोक्यातलं चित्र चुकतं. चालू आणि बंदसाठी वेगवेगळे कोड असतील तरच तो घ्या. एकाच बटणाने दोन्ही होत असेल तर रिकाम्या खोलीचा एसी ‘बंद’ करताना तो चालू होण्याची शक्यता निम्मीनिम्मी. एसीच्या वायरवर छोटा करंट सेन्सर बसवला की खरं काय ते कळतं. कुठल्याही प्रकारात कॉम्प्रेसरला किमान ३ ते ५ मिनिटं बंद राहू द्या.

बाल्कनीच्या दारालाही रीड स्विच हवा. दार उघडं राहिल्यावर एक-दोन मिनिटांनी गार करणं थांबवा, लगेच नको, नाहीतर सामान आत घेणाऱ्यालाही शिक्षा होते. थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ‘बाल्कनीचं दार उघडं’ एवढे शब्द दिसले की निम्म्या तक्रारी रिसेप्शनपर्यंत येतच नाहीत.

थर्मोस्टॅटमागच्या वायरच्या नळीतून भिंतीच्या पोकळीतली हवा येत असेल तर आतला तापमान सेन्सर दोन-तीन अंश चुकतो. पुट्टीने भोक बुजवायला एक मिनिट लागतं. हे काम बहुतेक ठिकाणी राहून गेलेलं असतं.

चिलर ऐकतो का

खोल्यांत सगळं नीट चाललंय आणि बिल तसंच, असं होतं तेव्हा प्लँट रूममध्ये जा. फॅन कॉइलना तीन तोंडी व्हॉल्व्ह असतील तर खोलीने नाकारलेलं थंड पाणी बाजूने वळून तसंच परत जातं. पंप पूर्वीइतकाच चालतो आणि परतीचं पाणी गार येतं, त्यामुळे चिलर (सगळ्या खोल्यांसाठी पाणी थंड करणारं यंत्र) कमी भारावर घुटमळत राहतो. चिलरचा भार उतरतो, पण पंपाची वीज तशीच राहते. दोन तोंडी व्हॉल्व्ह, पंपावर व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण), आणि लाइनच्या शेवटाकडे दाबातील फरकाचा सेन्सर असेल तर पंपही खाली येतो. चिलरला किमान प्रवाह लागतो, म्हणून त्याच्याजवळ बायपास व्हॉल्व्ह ठेवायचाच. तो अडकून उघडा राहिला नाही ना हे अधूनमधून बघायचं.

ताबा घेण्याआधी

कंत्राटदाराकडून प्रत्येक प्रकारच्या एका खोलीत या चाचण्या समोर करून घ्या. बाहेर पडा, दार ओढा, २५ मिनिटांनी सेटपॉइंट ढिला झाला का ते लॉगमध्ये बघा. मग एक माणूस पांघरूण घेऊन ४० मिनिटं निपचित पडू द्या आणि त्या वेळात दुसऱ्याला दार उघडून जाऊ द्या: रात्रीच्या सेटिंगमध्ये खोली ‘रिकामी’ ठरता कामा नये. बाथरूममध्ये दार लावून अर्धा तास. हाउसकीपिंगची ट्रॉली दारात अडकवून दहा मिनिटं. दाराच्या सेन्सरची बॅटरी काढून टाका. खोली आपोआप ‘आहे’वर गेली पाहिजे आणि इशारा मेंटेनन्सच्या पडद्यावर दिसला पाहिजे. या शेवटच्या चाचणीत नापास होणारी उपकरणं घेऊच नका.

मोजताना आधीच्या वर्षाच्या बिलाशी तुलना फसवी असते, कारण हवामान आणि विकलेल्या खोल्या दोन्ही बदललेले असतात. एकाच बाजूला तोंड असलेल्या खोल्या एकाआड एक निवडा, निम्म्यांत सेन्सिंग चालू, निम्म्यांत बंद, दोन आठवड्यांनी अदलाबदल. मोजायचं ते विकलेल्या प्रत्येक खोली-रात्रीमागे व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेसर किती तास चालला. लॉगमध्ये एखादी खोली दिवसभर ‘भरलेली’ दिसत असेल तर तिथे जाऊन पडदा आणि दार बघा. दिवसाला दहा वेळा ‘रिकामी-भरलेली’ होत असेल तर सेन्सरला पलंग दिसत नाही.

पाहुण्याला सेटपॉइंटची मुभा २० ते २६ एवढी तरी ठेवा. १९ मागणाऱ्याला २३ वर अडवलं तर तो बटणं एकत्र दाबून सेन्सिंग बंद करण्याची युक्ती शोधतो, आणि ती युक्ती पुढच्या पाहुण्यासाठी तशीच चालू राहते. म्हणून चेक-आउटच्या वेळी सेटपॉइंट आणि अशी सगळी सूट आपोआप मूळ पदावर यायला हवी.

वायरलेस सेन्सरच्या लिथियम बॅटऱ्या एकेक करून संपू देऊ नका. एका मजल्याच्या सगळ्या एकाच दिवशी बदला आणि तारीख झाकणाच्या आत मार्करने लिहा. लेन्सवर स्प्रे मारून पुसू नये, ओलसर फडकं पुरे, हेही हाउसकीपिंगच्या यादीत घाला. चकाकी आणणाऱ्या पॉलिशचा थर बसला की पीआयआर मंदावतो, आणि सेन्सर बिघडला समजून तो बदलला जातो.